आदर्श उत्तर

प्राचार्यांनी निकालाचा तक्ता टेबलावर पालथा घातला. त्याचं तोंड बघणंही कॉलेजच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हतं. समोरच्या खुर्चीत संख्याशास्त्राचे सर अंग चोरून बसले होते.

"मी इतिहासाचा माणूस," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही. पण निम्म्याहून जास्त पोरं आपटलीत, एवढं कळायला संख्याशास्त्र लागत नाही."

"गृहीतकांच्या चाचणीचा धडा त्यांना जरा जड जातो, सर."

"मग हलका करा."

"विषयच तसा आहे."

"असं म्हणता? मग विषयच काढून टाकू." प्राचार्यांनी हे इतक्या सहज म्हटलं, की सरांना आधी ती गंमत वाटली. "यंदा निम्मी पोरं तरी पास झाली पाहिजेत. नाही झाली तर पुढच्या वर्षीपासून संख्याशास्त्र बंद, आणि तुम्ही प्रवेशाच्या खिडकीवर. फोटो नीट चिकटवलाय का, सही जागेवर आहे का, बघायचं. तिथेही हिशेबी माणूस लागतोच."

सर बाहेर आले तेव्हा ती खिडकी वाटेतच होती. तिच्या गजाआड एक म्हातारे कारकून डिंकाची बाटली उघडण्याच्या खटपटीत होते. सरांनी मान वळवली आणि चालण्याचा वेग वाढवला.

आता, निकालाचा सगळा दोष धड्याचा होता असं नाही. सरांची तपासण्याची पद्धत कॉलेजात प्रसिद्ध होती. गणितात एक जरी चूक झाली तरी पूर्ण गणिताला भोपळा. त्यातही एका चुकीवर त्यांचा विशेष राग. चाचणीच्या गणितात, जमवलेल्या आकड्यांमध्ये किती चढउतार आहे ते काढून, त्याला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागावं लागतं. मुलं हे भागायला हमखास विसरत. "वर्गमुळाने भागायला विसरणारा माणूस," सर वर्गात गरजत, "पायजमा घालायला विसरून लग्नाला जाणाऱ्या माणसासारखा असतो. बाकीचे कपडे कितीही भारी असोत!" कोणी पायऱ्यांचे गुण मागितले, तर त्यालाही उत्तर तयार असे. "जिन्यावरून पडलेल्याला, पडण्याआधी किती पायऱ्या चढलास, असं विचारून बक्षीस देतात का?"

त्या संध्याकाळी सरांनी जुन्या प्रश्नपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि थोड्याच वेळात खुर्चीतल्या खुर्चीत उडी मारली.

"अगं, इकडे ये! सापडलं!"

सरांची बायको एका तपासणी प्रयोगशाळेत पॅथॉलॉजिस्ट होती. दिवसभर लोकांची रक्तं पाहून ती घरी येई, त्यामुळे तिला सहसा कशाचा धक्का बसत नसे. ती हात पुसत आली.

"हे बघ. दर वर्षी एक गणित, आणि पास-नापास ठरतं ते त्याच्यावरच. कोणीतरी काहीतरी दावा करतो. कंपनी म्हणते, आमचा बल्ब इतके तास चालतो. तो दावा खरा धरायचा, त्याला म्हणायचं शून्य गृहीतक. मग थोडे बल्ब तपासायचे. कंपनी खरं बोलत असती, तर आपल्याला दिसलं तसं निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, ते काढायचं. शक्यता फारच कमी निघाली, तर गृहीतक नाकारायचं. नाहीतर म्हणायचं, नाकारण्याइतका पुरावा नाही."

"हे मी लग्नाआधीपासून ऐकतेय."

"पण हे बघ ना! प्रत्येक पेपरात उत्तर एकच. 'नाकारले जाते.' एका वर्षी म्हणून चुकलेलं नाही. पेपर काढणारे ते प्रोफेसर नाट्यप्रिय दिसतात. शेवटी काहीच घडत नाही असं गणित त्यांना आवडत नसणार."

"मग?"

"मग काय? यंदा पेपर तपासायची पाळी माझी नाही, म्हणजे पोरांना आकडेमोड नाही आली तरी चालेल. शेवटी 'नाकारले जाते' लिहायचं आणि निष्कर्षाचे गुण खिशात टाकायचे."

बायकोने एक प्रश्नपत्रिका उचलून पाहिली आणि परत ठेवली. "आमच्याकडे रोज इतक्या तपासण्या होतात, आणि बहुतेकांना काहीही झालेलं नसतं. तुमच्या पेपरात मात्र दर माणसाला रोग?"

"ते परीक्षेपुरतं गं."

"परीक्षेपुरतंच ना? ठीक आहे. यातलं एकही पोर माझ्या लॅबमध्ये नोकरीला पाठवू नका म्हणजे झालं. आठवड्यात अख्खं गाव आजारी पाडेल."

दुसऱ्या दिवसापासून 'अ' तुकडीत नवी पद्धत सुरू झाली. सर फळ्यावर गणित लिहीत, मधली आकडेमोड भराभर उरकत आणि शेवटच्या ओळीशी येऊन वर्गाकडे वळत.

"शेवटी काय करायचं?"

"नाकारा!"

"ऐकू नाही आलं!"

"नाकाराऽऽ!" आणि बाकांवर मुठी आपटत.

इतक्या वर्षांत सरांच्या तासाला असा उत्साह कोणी पाहिला नव्हता. गैरहजर मुलं हजर राहू लागली. मागच्या बाकावर एक मुलगा होता, ज्याला सगळे पुढारी म्हणत. तो याआधी वर्गात फक्त झोपायला यायचा. आता घोषणांची सुरुवात तो करू लागला. पद्धत वर्गाबाहेरही गेली. ग्रंथपालांनी पुस्तक परत मागितलं, की मुलं म्हणत, "नाकारा!" शिपायाने सायकली हलवायला सांगितल्या, तरी "नाकारा!" सरांचं नावच नाकारा सर पडलं, आणि सरांना ते मनातून आवडलं.

शेजारच्या खोलीत 'ब' तुकडीला बाई शिकवत. त्या सरांपेक्षा वयाने लहान आणि आवाजाने त्याहून लहान. प्रत्येक गणित त्या स्वतः सोडवून पाहिल्याशिवाय वर्गात नेत नसत, आणि हा सरांना त्यांचा कमकुवतपणा वाटे. एक दिवस तास संपल्यावर त्या दाराशी आल्या.

"सर, तुमच्या तुकडीत गणितं असतात की मोर्चे?"

"उत्साह आहे, बाई, उत्साह! तुमच्या पोरांनाही पाठवा हवं तर."

"नको. त्यांना अजून भागाकार येतो," बाई म्हणाल्या आणि शांतपणे दार लावून गेल्या.

परीक्षा आठवडा-दहा दिवसांवर आली असताना परीक्षा नियंत्रकांनी सरांना बोलावून घेतलं. नियंत्रक म्हणजे कॉलेजातला सगळ्यात कमी आवाजाचा माणूस. आयुष्यभर गुप्तता पाळून पाळून त्यांना मोठ्याने बोलताच येत नसे; घरी भाजी वाढायलासुद्धा ते कुजबुजून सांगतात, अशी वदंता होती. त्यांनी खोलीचं दार लावलं, मग खिडकी लावली, मग जरा विचार करून पंखा मोठा केला.

"पेपर काढणारे प्रोफेसर अंथरुणाला खिळलेत. कंबर. उभं राहता येत नाही, बसता येत नाही."

"अरेरे! पडून पेपर नाही का काढता येत?"

"तुम्ही काढायचा. आदर्श उत्तरासकट. परवापर्यंत."

सरांचा ऊर भरून आला. "मी? पण बाईंना..."

"बाई तपासणार आहेत. काढणारा आणि तपासणारा वेगळा लागतो. उरलात तुम्हीच." नियंत्रकांना मान कसा द्यावा हे ठाऊक नव्हतं. "कोणाला समजता कामा नये. समजलं, तर नोकरीला मुकाल. पेपरफुटीत मी सख्ख्या भावाची गय केली नाही."

सर तरंगत तरंगत जिन्याच्या मधल्या वळणापर्यंत आले. तिथे त्यांचे पाय एकदम जमिनीला लागले.

आपण अख्ख्या तुकडीला काय शिकवून ठेवलंय, ते त्यांना आठवलं.

नाकारलं जाणारं गणित काढावं, तर सगळी 'अ' तुकडी ते बरोबर सोडवणार, आणि पेपर कोणी काढला ते आज ना उद्या उघड होणार. वर्षभर सर ओरडून ओरडून उत्तर सांगत होते आणि तेच उत्तर पेपरात आलं! याला पेपर फोडला म्हणणार नाहीत तर काय म्हणणार? नोकरी गेली. बरं, नाकारता न येणारं गणित काढावं, तर सगळी तुकडी बाक बडवून चूक उत्तर लिहिणार. निकाल गेला, विषय गेला, राहिली खिडकी. सर कठड्याला धरून उभे राहिले. निरपराध्याला शिक्षा आणि अपराध्याला सूट, अशा दोन चुका कोणत्याही चाचणीत होऊ शकतात, हे ते दर वर्षी पोरांना सांगत. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येऊ शकतात हे पुस्तकात कुठे दिलेलं नव्हतं.

शेवटी सरांनी इभ्रतीचा मार्ग निवडला. गणित नाकारता न येणारं काढायचं, आणि उरलेल्या दिवसांत मुलांना कसलाही सुगावा न लागू देता 'नाकारा'चं वेड उतरवायचं. चढवायला काही महिने लागले होते. उतरवायला आठवडा पुरेल, असं त्यांना का वाटलं, कोण जाणे.

बायको कामावर गेलेली असताना, दुपारी, ते पडदे ओढून टेबलाशी बसले. कंपनी म्हणते, आमचा विजेरीचा सेल सरासरी चाळीस तास चालतो. छत्तीस सेल तपासले. सरासरी निघाली सदतीस तास. चढउतार सहा तासांचा. बाकीचं सोपं होतं. तीनचा फरक, त्याला योग्य त्या आकड्याने भागायचं; उत्तर दोनच्या वर गेलं तर कंपनीवरचा विश्वास उडाला, दोनच्या बरंच खाली राहिलं तर कंपनी सुटली.

एवढ्यात फोन वाजला. 'अ' तुकडीतली एक मुलगी होती, पहिल्या बाकावर बसणारी चष्मेवाली. ती घोषणा देत नसे; नुसती बघत बसे, आणि सरांना ते अस्वस्थ करी.

"सर, भागताना नक्की कशाने भागायचं? माझा गोंधळ होतोय."

"पुन्हा तेच!" सरांनी फोन मान आणि खांद्याच्या मध्ये दाबला आणि हाताने लिहीत राहिले. "कितीदा सांगायचं? वर्गमुळाने भागायचं! चढउताराला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं! हे विसरणाऱ्याला मी भोपळा देतो!"

"हो सर. आता नाही विसरणार."

"विसरलीस तर बघ!" सरांनी फोन ठेवला आणि कागदाकडे पाहिलं. बोलता बोलता आदर्श उत्तर लिहून संपलंसुद्धा होतं. तिनाला सहाने भागून उत्तर आलं होतं अर्धा. दोनच्या कितीतरी खाली. खाली सुवाच्य अक्षरात ओळ होती: 'म्हणून शून्य गृहीतक नाकारण्याइतका पुरावा नाही.' सरांनी समाधानाने उत्तर वेगळ्या पाकिटात बंद केलं, लाख लावली आणि दुसऱ्या दिवशी पेपरासोबत नियंत्रकांच्या हवाली केलं. पेपर त्याच दिवशी छापायला गेला.

मग उतारा सुरू झाला. सर वर्गात आले, घसा साफ केला आणि सहज सुचल्यासारखं म्हणाले, "काय आहे, कधी कधी गृहीतक नाकारता येत नाही, असंही होतं बरं का."

बाकांवर उगारलेल्या मुठी तशाच राहिल्या.

"म्हणजे, होऊ शकतं. आयुष्यात. उगीच नाकारू नये माणसाने."

"सर, बरं वाटत नाहीये का?" पुढाऱ्याने काळजीने विचारलं.

"मला काय झालंय! मी एक सर्वसाधारण गोष्ट सांगतोय. समजा, पेपरात... म्हणजे पेपरात असं नाही, कुठेही... असं गणित आलं, तर सरळ लिहायचं, पुरावा नाही. घाबरायचं नाही."

चष्मेवालीचा हात वर गेला.

"सर, एक शंका. समजा आपण शून्य गृहीतक असं धरलं, की सरांना पेपर माहीत नाही."

वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"सर पूर्ण वर्षभर 'नाकारा' म्हणत होते," ती शांतपणे पुढे बोलू लागली. "परीक्षा तोंडावर आली आणि एकदम म्हणतात, नाकारू नका. पेपर हा शब्द तोंडातून गेला तर परत गिळतात. पंखा चालू आहे आणि सरांना घाम आलाय. ज्याला पेपर माहीत नाही असा माणूस, निव्वळ योगायोगाने, असं वागण्याची शक्यता किती?"

"फारच कमी!" पुढारी ओरडला.

"मग गृहीतकाचं काय करायचं?"

"नाकाराऽऽऽ!" बाकं दणाणली.

सर दाराकडे सरकले. पण त्याच क्षणी त्यांना अभिमानही वाटला. त्या वर्गात गृहीतकाची चाचणी प्रथमच कोणीतरी बिनचूक केली होती.

"मला काही माहीत नाही!" एवढं म्हणून ते तास अर्धवट टाकून निघाले, आणि उरल्यासुरल्या शंकाही मिटल्या.

मागे वर्गात घमासान सुरू झालं.

"ठरलं तर. 'पुरावा नाही' लिहायचं," पुढारी म्हणाला.

"अरे वेड्या, आपल्याला संशय आलाय हे सरांना कळलंय. आता ते पेपर उलटा करणार. 'नाकारा'च लिहायचं."

"पण ते उलटा करणार हे आपल्याला कळलंय, हे पण त्यांना कळलं असेल ना?"

"मग ते परत सुलटा करतील."

हे बराच वेळ चाललं. दोन गट पडले, मग त्यांचे चार झाले. सगळ्यांची दमछाक झाल्यावर चष्मेवाली म्हणाली, "त्यापेक्षा आपण गणितच सोडवूया का?"

सगळे तिच्याकडे वळले. ही कल्पना त्या वर्गात याआधी कधी मांडली गेली नव्हती.

"म्हणजे... खरोखर?" पुढाऱ्याने विचारलं.

"हो. एकदा आलं, की सर काय म्हणाले ते बघायलाच नको."

उरलेले दिवस 'अ' तुकडी रिकाम्या खोल्यांमधून गणितं सोडवत बसलेली दिसली. शिपायाने दोनदा येऊन, काही भांडण वगैरे झालंय का, अशी चौकशी केली.

परीक्षेच्या दिवशी, मुलांच्या शंका सोडवण्याच्या निमित्ताने, सर हॉलमध्ये गेले. कोणालाच शंका नव्हती. ते बाकांमधून हळूहळू चालत गेले आणि त्यांचा धीर खचत गेला. पहिल्या पेपरावर: 'म्हणून शून्य गृहीतक नाकारले जाते.' दुसऱ्यावर तेच. पुढाऱ्याच्या पेपरावर तेच, खाली दोन रेघा मारून. निदान चष्मेवाली तरी? तिने तर ओळीभोवती चौकट काढली होती. सर भिंतीला टेकून उभे राहिले. वेड उतरलं नव्हतं. सगळीच्या सगळी नापास.

घरी येऊन त्यांनी बायकोचं ओळखपत्र उचललं आणि त्यावरच्या फोटोची कड नखाने चाचपून पाहिली.

"काय करताय?"

"फोटो नीट चिकटवलेला नाही हा."

"अहो, झालंय काय?"

"सराव करतोय," सर म्हणाले.

प्राचार्यांचं बोलावणं आलं तेव्हा ते मनाची तयारी करूनच गेले. खोलीत प्राचार्य होते, नियंत्रक होते, आणि कोपऱ्यात पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बाई बसल्या होत्या. सरांनी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली.

"मला सगळं मान्य आहे, सर. खिडकीवर कधीपासून बसू तेवढं सांगा."

"खिडकी कसली! हे फार गंभीर आहे," प्राचार्य म्हणाले. "बाई, सांगा."

"मी सरांवर आरोप करत नाही," बाई म्हणाल्या. "मी फक्त शक्यता काढली. शेवटचं गणित आधी स्वतः सोडवलं, मग पेपर तपासले. 'अ' तुकडीतल्या जवळपास सगळ्यांचं ते बरोबर आलंय. मागची काही वर्षं पाहता हे योगायोगाने होणं कठीण आहे."

सर तीन ताड उडाले. "बरोबर? शक्यच नाही!"

"आमचंही तेच म्हणणं आहे," नियंत्रक कुजबुजले.

"अहो, सगळ्यांचं चुकलंय! मी या डोळ्यांनी पाहिलंय!"

"बरोबर आहे, सर," बाई म्हणाल्या.

"चूक आहे!"

"सर," प्राचार्यांचा आवाज चढला, "गेल्या वर्षी पोरं नापास झाली, तेव्हा तुम्ही विषयाला दोष दिलात. यंदा पास झाली, तर त्यांना नापास करायला उठलात. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

चष्मेवालीला बोलावण्यात आलं. ती दाराशी येऊन उभी राहिली.

"घाबरू नकोस, बाळ," नियंत्रक इतक्या हळू म्हणाले, की तिला दोन पावलं पुढे यावं लागलं. "सरांनी परीक्षेआधी काही सांगितलं होतं का?"

तिने एकदा सरांकडे पाहिलं. "हो. 'नाकारू नका' म्हणाले होते."

सरांना खुर्ची शोधावी लागली.

"बघा! फुटला पेपर!" प्राचार्य टेबलावर थाप मारून म्हणाले. मग त्यांचा हात तसाच राहिला. "थांबा. पण पोरांनी तर नाकारलंय ना? मुली, सरांनी सांगूनही तुम्ही ऐकलं नाहीत?"

"सरांनी सांगितलं म्हणूनच ऐकलं नाही, सर. आम्ही गणित सोडवलं."

"चुकीचं सोडवलंत!" सर कळवळून म्हणाले. "नियंत्रक, पाकीट फोडा! आदर्श उत्तर माझ्या हातचं आहे. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष!"

नियंत्रकांनी लाख तोडली. आतला कागद आधी प्राचार्यांनी पाहिला, आणि समजल्यासारखी मान हलवून बाईंकडे दिला. बाईंनी तो वाचला. त्यांच्या ओठांची कड किंचित हलली, पण त्यांनी ती लगेच सावरली.

"सर, एकदा फळ्यावर करून दाखवाल का? म्हणजे सगळ्यांना कळेल."

"आनंदाने!" सरांनी खडू उचलला. खडू हातात आला, की त्यांच्यात नेहमीच बळ संचारे. "कंपनी म्हणते चाळीस. आपल्याला आले सदतीस. फरक तीन. चढउतार सहा. आता या तिनाला भागायचं सहाने, आणि इथेच सगळी गाढवं चुकतात, कारण वर्गमुळाने भागायला विसरणारा माणूस..."

तोंड इतक्या वर्षांच्या सवयीने पुढे गेलं होतं. खडू मागेच थांबला.

सरांनी फळ्यावरच्या एकट्या सहाकडे पाहिलं. छत्तीसचं वर्गमूळ सहा. सहाला सहाने भागलं की एक. आणि तिनाला एकाने भागलं की तीनच राहतात. अर्धा नाही; तीन. कंपनीचा दावा पार निकालात निघाला होता. पुढाऱ्याने त्याखाली रास्त दोन रेघा मारल्या होत्या.

"...पायजमा विसरलेल्या माणसासारखा असतो," चष्मेवालीने वाक्य पुरं केलं. तिला वाटलं, सर आठवतायत.

"आता मला कोणी मराठीत सांगेल का, काय झालं?" प्राचार्य म्हणाले.

"सरांनी उत्तर फोडलं असतं," बाई म्हणाल्या, "तर मुलांचं उत्तरही सरांसारखं चुकलं असतं. ते बरोबर आलंय. म्हणजे ते त्यांचं स्वतःचं आहे."

"म्हणजे सर चोर नाहीत."

"नाहीत."

"पण त्यांना गणित येत नाही."

बाईंनी क्षणभर विचार केला. "या खेपेला आलं नाही," त्या म्हणाल्या.

"लेखी लागेल," नियंत्रक कुजबुजले. "पेपर फुटला नाही, याला पुरावा एकच आहे. आदर्श उत्तर चुकलं, आणि अमुक कारणाने चुकलं, असं सरांनी स्वतःच्या सहीने द्यायला हवं."

"दुसरा काही मार्ग?" सरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"आहे ना," प्राचार्य म्हणाले. "खिडकी."

सरांनी कागद ओढला आणि लिहून दिलं. सही नेहमीपेक्षा बरीच लहान आली.

प्राचार्य मात्र हळूहळू खुलत गेले. इतिहासाच्या माणसाला कोणत्याही घटनेमागचं कारण चटकन दिसतं. "मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते," ते म्हणाले. "सरांनी चुकीचं सांगितलं, आणि निकाल वर गेला. विषय चालू ठेवू. पुढच्या वर्षीही सरांनी असंच शिकवावं. हवं तर 'ब' तुकडीतही."

"माझी मुलं तशीच ठीक आहेत," बाई घाईने म्हणाल्या. मग त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. "या आदर्श उत्तराचं काय करू? माझ्या हातात आलंय. तपासल्याशिवाय कागद परत करायची मला सवय नाही."

"भोपळा द्या," सर मान खाली घालून म्हणाले. "माझाच नियम आहे."

"बाई," चष्मेवाली दाराशी चुळबुळली, "पायऱ्यांचे द्या ना थोडे. फरक बरोबर काढलाय सरांनी."

त्या दिवशी सरांना बरंच काही ऐकून घ्यावं लागलं होतं, पण सगळ्यात जास्त लागलं ते हे. बाईंनी कागदाच्या कडेला लाल शाईने एक छोटा आकडा लिहिला, त्याभोवती गोल केला आणि कागद सरांच्या हातात दिला.

संध्याकाळी बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसली नाही, यावरून ती किती हसत असेल ते सरांना कळलं. तिने तो कागद दिव्याखाली धरला.

"दहापैकी दोन."

"फरक बरोबर काढला, त्याचे."

"आणि निष्कर्ष?"

"चूक."

"आमच्याकडे आजारी माणसाला ठणठणीत म्हणून घरी पाठवलं, तर सुई छान टोचली म्हणून दोन गुण देत नाहीत." तिने कागद टेबलावर ठेवला. "तरी बरं. पडलात, पण दोन पायऱ्या चढून पडलात."

ती आत गेल्यावर सरांनी कागद पुन्हा जवळ ओढला. आकडे सुवाच्य होते. मांडणी टापटीप होती. गृहीतक स्वच्छ शब्दांत लिहिलेलं होतं, त्याचा तर बाईंनी विचारच केलेला दिसत नव्हता. त्यांनी तो लाल गोल पुन्हा एकदा पाहिला, आणि वर्षानुवर्षं आपल्या दाराशी उभ्या राहणाऱ्या पोरांच्या नेमक्या त्याच आवाजात त्यांनी आत हाक मारली,

"अगं, पद्धत तशी बरोबर होती माझी. फेरतपासणीला टाकलं तर वाढतील का गं?"